सिंहाला दिसलेला माणूस

११ जून १९९६

दादा,

इकडं आम्ही उठलो. तिकडं तू, वहिनी आणि गोसेगो सुखरूप उठला असाल असं धरून चालतो. गोसेगो, हे पत्र बाबांना तूच वाचून दाखवत असशील. सावकाश वाच. काही ठिकाणी मी कमी लिहिलंय ते तुझ्यासाठीच.

दादा, एप्रिलापासून आपण बोललो नाही. तुझ्या गुरांच्या तळावरून निघताना तू मला पाणी विचारलं नाहीस आणि मीही मागितलं नाही. मेलेल्या सिंहाजवळ बसून मी रडलो ते तुला लागलं, हे मला कळतं. आईनं दिलेली कबरी गाय सिंहांनी मारली तेव्हा ह्याच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही, असं तू सगळ्यांसमोर म्हणालास. पण आज ते उगाळायला बसलेलो नाही. एक बातमी आहे, ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्यापर्यंत येण्याआधी माझ्याकडून यावी.

डाबे गेला. गेल्या गुरुवारी सकाळी.

तू त्याला दोनदाच पाहिलंस. पहिल्यांदा मी त्याला तळावर आणलं तेव्हा गाडीच्या नाकावर बसवलेली ती लोखंडी खुर्ची बघून तू विचारलंस, "तुझ्या गाडीला दिवे नाहीत का, म्हातारा लावलायस तो?" तो तुझ्यापेक्षा जास्त हसला होता. नऊ वर्षं तो त्या खुर्चीवर बसून वाळूतले माग वाचत होता आणि मी त्याच्या उजव्या हाताच्या बोटाकडं बघत गाडी हाकत होतो. बोट डावीकडं तर डावीकडं, मूठ मिटली की थांबायचं. सिंह जवळ आले की तो उतरून आत माझ्याशेजारी येऊन बसायचा. तो नियमच होता.

गुरुवारी सिंह बघायला आलेले पाहुणे चार होते. नदीच्या कोरड्या पात्राजवळ झाडाखाली सिंह होता. आत यायला म्हणून डाबे खुर्चीवरच उभा राहिला. उठायचं नव्हतं. गाडीवर माणूस उभा राहिला की सिंहाला तो गाडीपासून सुटा दिसतो, हे त्यानंच मला शिकवलं होतं. तो उठला आणि सिंह आला. पुढचं लिहीत नाही.

कॅम्पच्या मालकाला मी हेच सांगितलं, पोलिसांना हेच सांगितलं, गावच्या सभेत प्रमुखासमोरही हेच. शनिवारी पुरलं त्याला. तू येशील असं उगाच वाटत होतं. त्याची बायको कोबे रडली नाही. तिनं मला एवढंच विचारलं, "खरंच उठला?" मी हो म्हणालो.

उत्तर पाठव. सामानाचा ट्रक दर बुधवारी तुझ्याकडच्या दुकानावरून कॅम्पवर परत येतो, ड्रायव्हरकडं दिलंस तर मला मिळेल.

ओडिरिले


३० जून १९९६

दादा,

उत्तर आलं नाही. असू दे. जूनची थंडी फार आहे, कदाचित गुरं लांब पाण्यावर नेली असशील.

वनखात्याची माणसं आली होती. माणूस मेला की ती येतातच. सिंह कुठला ते दाखवायला त्यांना कुणीतरी हवं होतं, आणि समोर बसलेला एकटा मीच. त्यांची गाडी सिंहांच्या ओळखीची नाही, म्हणून त्यांनी आमचीच घेतली. मीच चालवली. दोघं जण मागं बंदुका घेऊन बसले.

फाटक्या कानाच्या मादीबद्दल मी तुला कितीतरी वेळा सांगितलंय. तू कंटाळून म्हणायचास, "बायको कर, म्हणजे दुसऱ्या कुणाबद्दल बोलशील." पहिल्या वर्षी ती इंजिनाचा आवाज ऐकला की मैलभरावरून निघून जायची. मी आणि डाबे पाचशे पावलांवर गाडी उभी करून इंजिन बंद करायचो आणि ऊन चढेपर्यंत बसून राहायचो. बोलायचं नाही, उतरायचं नाही. डाबे तपकीर ओढायचा आणि शिंक आली की टोपीत तोंड खुपसायचा. दुसऱ्या आठवड्यात साडेचारशे पावलं. तिची शेपटी हलली की त्या दिवशी पुढं जायचं नाही. कान मागं गेले की परत फिरायचं. तिनं जांभई दिली, मान वळवली, पंजे चाटायला लागली की दहा पावलं आपली. असं करत वर्ष गेलं. डाबे म्हणायचा, तिच्या लेखी गाडी हे एक जनावर आहे. मोठं, घाण वासाचं. गवत खात नाही आणि कुणाला खात नाही. त्या जनावराच्या पोटात माणसं आहेत हे तिला कळू द्यायचं नाही, बस.

तिसऱ्या वर्षी तिचे दोन पोरगे येऊन चाकं हुंगायला लागले. चौथ्या वर्षी ती एकदा दुपारी येऊन गाडीच्याच सावलीत निजली. दोन तास मला गाडी सुरू करता येईना आणि मागं बसलेल्या एका पाहुणीला लघवीला लागलेली. डाबेचं सगळं अंग हसून हलत होतं आणि आवाज एक नाही.

परवा ती मोत्लोपीच्या झाडाखाली होती. मी गाडी वीस पावलांवर नेली. तिनं डोकं वर केलं, गाडी बघितली, आणि डोकं पुन्हा पंजांवर ठेवलं. त्यांनी विचारलं, हीच ना? मी हो म्हणालो.

एकच गोळी लागली.

हे तुला एवढ्यासाठी लिहितोय की आता प्रकरण मिटलं. माणूस मारणारा सिंह मारला असा कागद झाला. कुणी तुझ्या तळाकडं येणार नाही, कुणी काही विचारणार नाही. निवांत राहा.

ओडिरिले


२२ सप्टेंबर १९९६

दादा,

आज रविवार. पाहुणे नाहीत. उन्हाळा सुरू झाला आणि पात्रातलं शेवटचं डबकंही चिखल झालं आहे. तुझ्याकडची विहीर अजून पाणी देते का, तेवढं तरी कळव.

मालकानं माझ्याबरोबर नवा माणूस दिला नाही. खुर्ची अजून गाडीवर आहे. मालक दोनदा म्हणाला काढून टाक, मी दोनदा पाना सापडत नाही म्हणालो.

गेल्या आठवड्यात लंगडा सिंह दिसला. मागचा उजवा पाय टेकवत नाही. अंगावरची हाडं मोजून घ्यावीत असा झाला आहे. मी पाहुण्यांना न दाखवता गाडी वळवली. गोसेगो, लंगडा कोण हे बाबांना विचारू नकोस.

काल मी कोबेकडं गेलो होतो. डाबेचा चाकू आणि तपकिरीची डबी गाडीत राहिली होती, ती द्यायला. तिनं घेतली आणि न बघता बाजूला ठेवली. थडगं उघडंच आहे, दादा. सगळ्यांच्या थडग्यांवर लोखंडी पाइप उभे करून सावलीचं जाळीचं कापड ताणलेलं आहे, ह्याच्या थडग्यावर नाही. मी म्हटलं कापड मी आणून देतो. ती म्हणाली नको.

परत येताना शाळेमागच्या मैदानात पोरं खेळत होती. पाचसहा जण एकामागं एक उकिडवे बसून गाडीचा आवाज काढत होते आणि एक जण समोर सिंह झाला होता. सगळे ओरडत होते, "बसा, बसा, डाबे उठला." मग पुढचा उठायचा आणि सिंह त्याच्यावर झडप घालायचा. उठायची पाळी कुणालाच नको होती. शेवटी त्यांनी ती डाबेच्याच नातवाला दिली. तो चार वेळा मेला. मी तेवढे मोजले आणि निघालो.

मी बरा आहे. जेवण जात नाही, पण ते उन्हानं असेल.

ओडिरिले


२६ जानेवारी १९९७

गोसेगो, इथंच थांब. पुढचं तू वाचायचं नाहीस. पत्र बाबांच्या हातात दे आणि त्यांना सांग की काकानं अक्षर मोठं काढलंय, एकेक करून त्यांना जमेल. तुझ्या पहिलीच्या पुस्तकावर तुझ्याबरोबर बसून ते वाचायला शिकले, ते मला ठाऊक आहे.

दादा,

तू गुरांमागं गेलास म्हणून मी शाळेत गेलो. हे आपण कधी बोललो नाही, पण ही सगळी अक्षरं तुझ्या पायपिटीची आहेत आणि आज त्यातूनच तुला हे वाचावं लागतंय.

डाबे उठला नव्हता.

डाबे गेला त्याच्या आधीच्या नाताळापासून सांगतो. तुझ्या तळावर, दुपारी, झाडाखाली बसलो होतो. ज्वारीची दारू होती, शेजारच्या तळावरचा नालेदीचा बाप होता, अजून दोघं होते. तू विचारलंस, "हे सिंह तुला खात कसे नाहीत रे? चवीला वाईट आहेस का?" सगळे हसले आणि मला चेव चढला. मी शहाण्यासारखं सगळं सांगितलं. सरळ अंगावर जायचं नाही, तिरकं जायचं. इंजिनाचा आवाज एकसारखा ठेवायचा. वीस पावलांवर थांबायचं. उठायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही. मग ते बघतात, पण त्यांना आपण दिसत नाही. तू म्हणालास, "म्हणजे गाईपेक्षा गरीब." मी म्हटलं, हो, आमचे तसेच आहेत.

एप्रिलात तीन आठवड्यांत तुझ्या सहा गाई सिंहांनी मारल्या. मग नालेदीच्या बापानं गाडी चालवली आणि तू त्याची बंदूक घेऊन मागच्या हौद्यात बसलास. मला त्यानंच सांगितलं. म्हणाला, तुझा भाऊ अजिबात उठला नाही, बंदूक कठड्यावर टेकवून बसून होता, आणि ते दोघं आमच्याकडं बघत पडून होते. फाटक्या कानाच्या मादीचे पोरगे. लहानपणी माझी चाकं हुंगणारे. एक जागेवर गेला. दुसऱ्याला मांडीत लागली आणि तो गुरं आणि जंगल वेगळं करणाऱ्या कुंपणाखालून परत आमच्या बाजूला आला.

दुसऱ्या दिवशी तळावर येऊन मी तुला चोर म्हणालो, भ्याड म्हणालो, वहिनीसमोर म्हणालो. तुला वाटलं मी सिंहासाठी बोललो. थोडं सिंहासाठी होतं. पण जास्त ह्यासाठी की तू माझंच बोलणं वापरलं होतंस आणि ते बरोबर निघालं होतं.

आता गुरुवार.

सकाळी आठच्या सुमारास माग लागले. डाबेनं उतरून बघितले. मागचा उजवा पाय वाळूत ओढलेला. तो खुर्चीवर चढता चढता म्हणाला, "ह्याच्यामागं नको." एवढंच. तो कधी जास्त बोलायचा नाही. मी म्हटलं, पाहुणे उद्या जाणार, तीन दिवसांत त्यांना एक सिंह दिसलेला नाही, लांबून बघू. तो खुर्चीवर बसला. माझ्या शब्दापुढं तो नेहमी गप्प बसायचा. त्याचा बाप, शिकारी जमातीतला, आपल्यासारख्यांच्या गुरांमागं नुसत्या भाकरीवर राबलेला. त्या लोकांची ती सवय जात नाही, आणि आपल्याला तिचा फायदा घ्यायची सवय जात नाही.

सिंह झाडाखाली होता. ऐंशी पावलांवर डाबेनं मूठ मिटली. थांब, मला आत येऊ दे, असा त्याचा अर्थ. मी थांबलो नाही. मागून पाहुण्यांचा कॅमेरा वाजत होता आणि मला वाटलं अजून थोडं, हा तर आपलाच, लहानपणापासूनचा. चाळीस पावलांवर मी थांबलो तेव्हा उतरायची वेळ गेली होती.

दादा, त्यानं डोकं वर केलं ते पुन्हा खाली ठेवलं नाही. आमच्या सिंहांची नजर कशी असते सांगू? गाडीवरून ती झाडावरून जावी तशी जाते. ह्याची कुठंच जात नव्हती. कान मागं चिकटले, शेपटी दोनदा उभी झाली. मी मागचा गियर शोधत होतो. डाबे मान न वळवता, आपण घरात बोलतो त्या आवाजात म्हणाला:

"हा गाडीकडं नाही बघत. माझ्याकडं बघतोय."

तो उठला नाही. उठला असता तर कदाचित बॉनेटवरून उडी टाकून आत आला असता, वाचलाही असता. पण मागं चार माणसं होती, आणि नऊ वर्षं त्यानं मला जे शिकवलं ते तो स्वतः करत होता. हात मांडीवर ठेवून बसला होता. सिंह आला तेव्हाही हात मांडीवरच होते. मी काचेतून बघितलंय.

पाहुणे सीटांखाली घुसले होते, त्यांनी काही बघितलं नाही. कॅम्पची माणसं धावत आली आणि कुणीतरी विचारलं काय झालं, तेव्हा माझ्या तोंडून आलं, "उठला." मी ठरवलं नव्हतं. आलं. आणि एकदा आल्यावर किती बरोबर बसलं ते मला लगेच कळलं. तो बसला होता म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग सिंह आला कशाला? त्याचं उत्तर त्या सिंहाच्या मांडीत होतं. पुढं ती गोळी कुणाच्या बंदुकीची, ती बंदूक कुणाच्या हातात होती, मी का थांबलो नाही, माग कशाला काढले. एका शब्दानं ते सगळं बंद झालं. सगळ्यांनी विश्वासही ठेवला. म्हातारा, तोही त्यांच्यातला, चुकला असेल.

मादी मी मुद्दाम दाखवली. लंगडा मारला असता तर सोलताना गोळी सापडली असती. मादी शोधावीही लागली नाही.

सात महिने मी स्वतःला सांगत होतो की मी हे भावासाठी केलं. आता लिहिताना दिसतंय की अर्धंच तुझ्यासाठी होतं. माझं नाव आईनं ठेवलं, त्यानं केलं, देवानं केलं अशा अर्थानं. हल्ली कुणी हाक मारली की दचकतो.

मी कोबेकडं जाऊन खरं सांगणार आहे. तू बरोबर चल. नाही आलास तरी मी जाणार आहे, पण तुझ्यापर्यंत येईल ते मला अडवता येणार नाही. पंधरा तारखेपर्यंत वाट बघतो.

ओडिरिले


१६ फेब्रुवारी १९९७

दादा,

तू माझ्याआधी जाऊन आलास हे मला तिच्याकडून कळलं.

मी काल गेलो. कोबे अंगणात राखेतून भाजलेल्या शेंगा काढत होती. मला म्हणाली, "बस. तुझा भाऊ गुरुवारी आला होता." गाढवगाडी घेऊन एकटाच आलास, सकाळपासून दुपारपर्यंत बसलास, तिनं दिलेलं पाणी घेतलं नाहीस, असं तिनं सांगितलं. सिंहाला मी जखमी केलं, तो त्यामुळं माणसावर आला, एवढं बोललास. तिनं विचारलं, मग माझा माणूस उठला कशाला? आणि तू म्हणालास, ते ओडिरिले येऊन सांगेल.

दादा, तू माझं खोटं माझ्यासाठी ठेवलंस. तू सांगून टाकलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. तसं केलं नाहीस, त्याबद्दल तुझ्यावर रागवावं की तुझे पाय धरावेत हे मला अजून कळलेलं नाही.

मी सांगितलं. खुर्ची, मूठ, चाळीस पावलं, हात मांडीवर. मला वाटलं होतं ती ओरडेल, नाहीतर शेंगा फेकून मारेल. ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली:

"आठ महिने मी त्याच्यावर रागावलेय. म्हातारपणी अक्कल गेली, म्हणायचे. त्याचे बूट शेजारच्याला देऊन टाकले. थडग्यावर सावली घातली नाही. म्हटलं, उठायची हौस होती ना, बस आता उन्हात."

मी मान वर केली नाही.

"तू थांबला नाहीस, तो मेला. त्याचं काय ते देव बघेल. पण माझा राग मी त्याच्यावर काढला ना रे. रोज काढला. तो आता परत कसा घेऊ, सांग. तू शाळेत गेलेला आहेस, सांग मला."

ऊन कललं तरी ती उत्तराची वाट बघितल्यासारखी बसून होती. मी निघताना म्हणाली, "जिथं खोटं बोललास तिथं जाऊन खरं बोल. मोठ्यानं बोल. पोरांना ऐकू जाईल असं."

शुक्रवारी सभा आहे. मी प्रमुखाला वेळ मागितली आहे. तुझं नाव घेणार नाही. लंगडा कुणाच्या गोळीनं लंगडा झाला हे मला माहीत नाही, असं म्हणेन. ते तेवढं एक खोटं मला करू दे.

ओडिरिले


१८ मे १९९७

दादा,

माउनच्या तुरुंगाचा पत्ता मला पोलीसचौकीतून मिळाला. तिथं पत्रं आधी साहेब वाचतात म्हणतात. वाचू देत.

त्या शुक्रवारी माझं बोलून संपलं आणि प्रमुखानं विचारलं, गोळी कुणाची? मी जमिनीकडं बघत होतो. मग पुरुषांच्या मागच्या रांगेतून तुझा आवाज आला, "माझी." तू आलायस हेही मला माहीत नव्हतं. सिंह मारला म्हणून तुला पकडल्यावरही बंदूक कुणाची ते तू सांगितलं नाहीस, तेही कळलं. नालेदीचा बाप तेव्हापासून रोज सकाळी येऊन तुझ्या विहिरीवर पाणी काढून देतो आणि कुणाशी न बोलता जातो.

मला कॅम्पमधून काढलं. काढलं नसतं तरी मी थांबलो नसतो. आता तुझ्या तळावर आहे. गुरं बरी आहेत. लाल कालवड परवा व्यायली, पहिलटकरीण, मला हात घालावा लागला. वहिनी बाजूला उभी राहून म्हणत होती, "इंग्रजी बोलून बघा तिच्याशी." वासरू जगलं. पाडा तुझ्यासारखाच हट्टी होईल असं दिसतंय. वहिनी हसते कधीकधी. नेहमी नाही.

लंगडा मार्चमध्ये मेलेला सापडला, मिठाच्या कोरड्या तळ्याच्या कडेला. उपासानं गेला. कॅम्पवरचा स्वयंपाकी बाजारात भेटला होता, तो म्हणाला आता गाडीचा आवाज आला की सिंह उठून जातात, मैलभरावरूनच. पाहुणे रागावतात. मी ऐकून घेतलं. मला बरं वाटलं आणि घरी येताना रडूही आलं.

थडग्यावर कापड घातलं. पाइप मी नेले, खड्डे मी आणि डाबेच्या नातवानं खणले. तो पोरगा माझ्याशी बोलत नाही, पण पहार धरतो. कोबे लांब बसून बघत होती. कापड ताणून झाल्यावर ती उठून आली, थडग्याशेजारी बसली आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागली. दुपारभर बोलत होती. मला ती भाषा येत नाही. नऊ वर्षं त्या माणसाच्या मागं बसलो आणि चार शब्द शिकलो नाही. ती माझ्याकडं वळली नाही, आणि वळायचं तिला काही कारणही नाही.

दादा, एक विचारायचं आहे. तू मला एकाही पत्राचं उत्तर दिलं नाहीस. मी प्रत्येक वेळी समजत होतो की तुझा राग गेलेला नाही. काल गुरं बांधून झाल्यावर मी गोसेगोला म्हटलं, बाबा मला दोन ओळीसुद्धा लिहीत नाहीत. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "बाबांना लिहिता कुठं येतं, काका? वाचायला तेवढं शिकले. मी म्हटलं, सांगा, मी लिहिते. तर म्हणाले, हे असलं पोरीच्या हातून लिहून घ्यायचं नसतं."

मग तिनं तुझ्या पेटीतून एक कागद आणून दिला. जानेवारीतलं माझं पत्र आल्यावर तू बसला होतास म्हणे, दोन दिवस. कागदावर पेन्सिलीनं माझ्या नावाचं पहिलं अक्षर आहे, बऱ्याचदा काढून खोडलेलं. पुढं काही नाही. तिसऱ्या दिवशी तू गाढवं जुंपलीस.

मला हे कळायला हवं होतं. मी तुझा भाऊ आहे आणि मला हे माहीत नव्हतं.

म्हणून आता पत्र लिहिणार नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटीची परवानगी असते असं चौकीतल्या साहेबांनी सांगितलं. एक जूनला मी येतोय. वहिनी आंबट दूध पाठवणार आहे, ते आत देऊ देतात की नाही माहीत नाही. बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. मी वेळ संपेपर्यंत बसेन.

तुझा धाकटा,
ओडिरिले